सांधणी हा माझा शब्द

आप्पा,

तुमच्या मास्तराचा फोटो काल पेपरात आला. अंगावर शाल, डोक्याला फेटा, हातात कुंद्याच्या मिठाईचा मोठा डबा आणि चेहऱ्यावर तेच हसू, जे लहानपणी पाहुण्यांसमोर पाढे म्हणून झाल्यावर असायचं. खाली छापलंय, शहापूरच्या विणकराच्या मुलाची देशासाठी कामगिरी. मी बातमी पुन्हा पुन्हा वाचली. त्या विणकराला एक मुलगीही होती असं कुठं आलंय का ते बघत होते. नाही आलं. पेपर घडी करून भाकरीच्या डब्याखाली सारला, भाजी चिरायला घेतली, मग हात पुसून परत बाहेर काढला. तुमचे जावई म्हणाले, "अगं, सख्ख्या भावाचा फोटो हाय, आनंद कर की जरा." मी म्हटलं, "करतोय की. दिसत न्हाय व्हय?" आनंद करत नव्हते आप्पा, जळत होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तुमच्यापासून काय झाकून ठेवायचं? पन्नाशी उलटली, केस पिकले, सासू व्हायची वेळ आली, तरी त्याच्या ताटातली वाटी माझ्यापेक्षा मोठी आहे का हे मी अजून बघतेच.

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या भागात कम्प्युटर दिसायचा तो फक्त टायपिंग क्लासमध्ये, आतल्या काचेच्या खोलीत. चप्पल बाहेर काढून आत जावं लागायचं. एकदा पाऊस होता म्हणून तुम्ही मला सोडायला आलात आणि दारातूनच विचारलंत, "देव्हारा हाय काय आत?" सगळ्या पोरी हसल्या आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज सांगते, तुमचं बरोबर होतं. आता प्रत्येक कचेरीत, बँकेत, दवाखान्यात तो देव्हारा आहे, आणि आत देव कुणाचा बसवायचा यावरून देशादेशांत ओढाताण चाललीय. मशीन आपल्या टेबलावर, पण ते चालवणारी आतली सगळी यंत्रणा, ज्याला सॉफ्टवेअर म्हणतात, ती परदेशातल्या कंपन्यांची. उद्या त्यांच्या सरकारचं आपल्या सरकारशी बिनसलं आणि तिकडे कुणी ठरवलं, तर इकडे आपले पडदे काळे. म्हणून आता जो तो देश म्हणतोय, आपलं आपण करू. तुम्हाला हे समजावून सांगायची गरज नाही. दुसरा माग घेतलात तेव्हा त्याच्या बाजूच्या लोखंडी पेटीला व्यापाऱ्यानं शिशाचं सील मारलं होतं. सील तोडलं तर दुरुस्तीला माणूस पाठवणार नाही म्हणाला. पेटी बिघडली की इचलकरंजीहून त्याचा माणूस येईपर्यंत माग उभा. तुम्ही मागाभोवती फेऱ्या मारताय, पेटीवर थापा मारताय, व्यापाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरताय, आणि मी बॅटरी धरून उभी आहे. शेवटी एका दुपारी तुम्ही पक्कड घेतलीत आणि सील तोडलंत. आत काय होतं, तर झिजलेलं एक दातेरी चाक. "हेच्यासाठी व्हय एवढं?" म्हणून तुम्ही पोट धरून हसला होतात. बॅटरी माझ्या हातात होती आप्पा. तो तेव्हा माळ्यावर होता, अभ्यास करत. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, पुढे लागेल.

तर तुमच्या मास्तरानं बेंगळुरात बसून असं आपलं सॉफ्टवेअर केलंय. एकट्यानं नाही, मोठी फौज आहे, पण त्यातला तो पुढचा. पत्रं, हिशेब, टपाल, कुलपं, सगळं त्यातच. आणि मी काय करते? मी विणकरांच्या सोसायटीत सिस्टीम बघते. इथं बेळगावात शहापूरला मुख्य कचेरी, निपाणीला आणि चिकोडीला शाखा. लोक मला सिस्टीम आक्का म्हणतात. "आक्का, सिस्टीम झोपली", "आक्का, सिस्टीम रुसली", असे दिवसभर फोन. मराठी टायपिंगला नोकरी नव्हती म्हणून तुम्ही मला कानडी टायपिंगला घातलंत आणि आयुष्यभर मी कानडीत टाइप करत आले. हात कानडीत चालतात आणि शिवी मराठीत येते. माझं वाईट चाललंय असं नाही. पण त्याचं फार चांगलं चाललंय, आणि हे मला टोचतं.

मागच्या हिवाळ्यात निपाणीच्या शाखेवर घाला पडला. दरोडा नव्हे, दार फोडलं नाही की काच फुटली नाही. सकाळी मशीनं चालू केली तर सगळ्या पडद्यांवर लाल अक्षरं, तुमच्या फायली आम्ही कुलपात घातल्या आहेत, किल्ली हवी असेल तर आमचं ऐका. आमची मशीनं जुनी. त्यातल्या सॉफ्टवेअरची डागडुजी परदेशातल्या कंपनीनं कधीच बंद केलेली, आणि आम्ही चालतंय तोवर चालवत होतो, सगळेच चालवतात तसं. मी बसनं निपाणीला गेले. मॅनेजर भला माणूस, तुमच्यासारखा पांढरा शर्ट आणि खिशाला दोन पेनं. टेबलामागे बसून नुसता पडद्याकडे बघत होता. बाहेर सभासद जमलेले, आपापली पासबुकं छातीशी धरून. मी विचारलं, कुठली मेल उघडली होती? शिपायानं सांगितलं, सायबांनी आदल्या दिवशी एक मेल सगळ्यांना गोळा करून मोठ्यानं वाचून दाखवली होती.

मोठ्यानं का, ते ऐका. आपल्याकडे कागद येतो तो कानडीत. फार झालं तर इंग्रजीत. सरकारी शिक्क्यावर बेळगावी. आपल्या तोंडातलं बेळगाव आता आपल्या तोंडातच उरलंय, आणि ते कुणी कचेरीच्या कागदावर लिहून पाठवेल अशी कुणी आशाही ठेवत नाही. आणि त्या दिवशी अचानक एक मेल आली, शुद्ध मराठीत, वळणदार, 'बेळगाव व निपाणी भागातील संस्थांच्या खात्यांची पडताळणी', खाली 'आपला नम्र'. मॅनेजर हरखला. त्यानं कॅशियरला बोलावलं, शिपायाला बोलावलं, बघा बघा म्हणाला, शेवटी कुणीतरी आपल्या भाषेत लिहिलं. आणि सगळ्यांच्या देखत जोडलेली फाइल उघडली. मग मला म्हणाला, "आक्का, कानडीतनं आलं असतं तर दोनदा वाचलं असतं ओ मी. इंग्लिशमधनं आलं असतं तर तुम्हाला फोन केला असता. मराठीतनं आलतं. बेळगाव असं लिवलेलं. आपलंच कोणतरी हाय वाटलं." मी त्याला रागावणार होते, वाटेत बसमध्ये शब्दही जुळवले होते. पण ते तसेच ठेवले. मीसुद्धा उघडली असती. तुम्ही असता तर तुम्हीही उघडायला लावली असती. जगात कुठंतरी बसलेल्या त्या चोराला आपली दुखरी जागा बरोबर सापडली होती.

जुन्या प्रतींवरून आम्ही सगळं परत उभं केलं. मधल्या नोंदी गेल्या, त्या सभासदांच्या पासबुकांवरून भरल्या. लोकांनी आरडाओरडा केला नाही, उलट मॅनेजरला चहा पाजला, त्यामुळे तो आणखीच खचला. मग वरून आदेश आला, ही जुनी परदेशी सॉफ्टवेअरं काढा आणि देशातलं नवीन घाला. नवीन म्हणजे कुठलं, तर तुमच्या मास्तराचं. हे आदेशात लिहिलेलं नव्हतं, मला त्यानंच फोनवर सांगितलं, लाजत लाजत, म्हणजे सगळ्यांना सांगून झाल्यावर. मी म्हटलं, "बरं झालं रं. घरचंच." आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटली.

नवीन सॉफ्टवेअर पहिल्यांदा चालू केलं तेव्हा त्यानं विचारलं, भाषा निवडा. कन्नड, इंग्रजी, मराठी. खरं सांगते, त्या क्षणाला मी सगळं विसरले. इतकी वर्षं कचेरीत बसले, पण मशीननं मला माझ्या भाषेत हाक मारली नव्हती. निपाणीच्या मॅनेजरला काय झालं असेल ते मला तेव्हा नीट कळलं. बोट मराठीवर ठेवलं, पडदा उघडला, आणि खालच्या कोपऱ्यात एक ओळ आली: 'नवी सांधणी आली आहे. लावू का?'

आप्पा, माझ्या डोक्यात तिडीक गेली. आमची कॅशियर विचारत होती, "आक्का, सांधणी म्हंजे काय?" तिला काय सांगू? तिला एवढंच म्हटलं की सॉफ्टवेअरमध्ये कुठं भोक सापडलं, कुठनं चोर शिरेल असं वाटलं, की बनवणारे दुरुस्ती पाठवतात, ती लावून घ्यायची. तिला पटलं. पण सांधणी म्हणजे ते नव्हे. सांधणी म्हणजे आपली मागची खोली, उभ्या धाग्यांचा रूळ, म्हणजे बीम, संपत आलेला, तुम्ही जुने धागे कापत नाही, फणीतच राहू देता, नवा बीम चढवता, आणि मग मागच्या बाजूला बसून जुन्या एकेका धाग्याला नवा एकेक धागा जोडायचा. तुम्ही धागा निवडून देताय, मी दोन टोकं जुळवून, बोटाला राख लावून पीळ घालतेय. सगळं उसवून पहिल्यापासून ओवायला लागू नये म्हणून ती सांधणी. पाठ मोडते, डोळे चुरचुरतात. मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझे पीळ सुटले, माग चालू केल्यावर लुगड्यात उभी चीर पडत गेली, आणि तुम्ही माग थांबवून म्हणालात, "पोरी, गाठ मारली म्हंजे सांधलं न्हाय. फणीतनं जाईल असं सांध." मारलं नाहीत, पण त्या दिवसापासून माझे हात तुमच्या हातांसारखे चालायला लागले. घरात दुसऱ्या कुणालाही ते येत नव्हतं. आईलाही नाही. त्याला तर मुळीच नाही. आणि त्यानं तो शब्द उचलला, देशभरच्या मराठी पडद्यांवर नेऊन बसवला, आणि माझ्याच कचेरीत मला विचारतोय, लावू का?

तुम्ही त्याचे किती लाड केलेत, हे आता मोजत बसणार नाही, पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या परीक्षेच्या दिवसांत तुम्ही माग थांबवायचात. दोन्ही. मास्तरला आवाजाचा त्रास नको. आपलं पोट त्या आवाजावर होतं, गल्लीत एकही घर पोराच्या परीक्षेसाठी माग थांबवत नव्हतं, शेजारणी येऊन आईला विचारायच्या, "कुणी गेलं काय ओ तुमच्यात?" दुपारी घर इतकं गप्प व्हायचं की माळ्यावरून त्यानं पान उलटलेलं ऐकू यायचं. मला चाकावर सूत गुंडाळून कांड्या भरायच्या असायच्या, पण चाकाचा घर्रघर्र आवाज नको म्हणून मी नुसती बसून राहायची. माझ्या कानडी टायपिंगच्या परीक्षेला तुम्ही सकाळी विचारलंत, "आज कुठं निघालीस?" आठवत नसेल तुम्हाला. मला आठवतं. त्याला मास्तर, मला पोरी. मास्तर हे नाव होतं आप्पा, पोरी तर तुम्ही शेजारच्या पोरींनाही म्हणायचात. मला तुमच्याकडून काय मिळालं असं कुणी विचारलं असतं तर मी मनातल्या मनात म्हणायची, मला सांधणी मिळाली. तीही आता त्याचीच झाली.

मग परवा तो आला. शहापुरात, विणकरांच्या हॉलमध्ये, तिन्ही शाखांच्या माणसांना नवीन सॉफ्टवेअर समजावून द्यायला. तो पेपरातला फोटो तिथलाच. मी तिसऱ्या ओळीत, कडेच्या खुर्चीवर. बोलतो छान, हे मान्य करायलाच हवं. थांबून थांबून, आपल्याच बोलीत, सभासदांकडे बघत. सुरुवातच केली, "आमच्या घरात एक माग होता. त्याच्या पेटीला सील होतं." मी खुर्चीत सरळ झाले. त्यानं सगळी गोष्ट सांगितली, व्यापारी, इचलकरंजीचा माणूस, पक्कड, झिजलेलं चाक, तुमचं हसणंसुद्धा. लोक हसले, माना डोलावल्या. बॅटरी कुणी धरली होती ते त्यानं सांगितलं नाही. त्याला ठाऊकच नसणार. मग म्हणाला, "दुसऱ्याच्या सीलबंद पेटीवर आपलं घर चालवायचं न्हाय, हे मी माझ्या वडलांकडनं शिकलो. आणि सांधणी हा शब्दबी त्यांचाच." टाळ्या. माझ्या शेजारची निपाणीची कॅशियर डोळे पुसतेय. मी उठून उभी राहिले. कशी राहिले, मला माहीत नाही.

म्हटलं, "सर." त्याला सर म्हटलं, मुद्दाम. "सर, तुम्ही आपलं आपलं म्हणताय. निपाणीत आमी फसलो ते परक्याला न्हाय. आपल्या भाषेतनं आलं, आपल्या गावाचं नाव आपल्यासारखं लिवलं, म्हणून दार उघडलं. मग ह्ये तुमचं आपलं तर जास्तच धोक्याचं न्हाय का?" निपाणीचे मॅनेजर खाली बघायला लागले, आणि मला त्यांचं वाईट वाटलं, पण मला भावाला अडकवायचं होतं. सगळ्यांसमोर एकदा तरी त्याची जीभ अडखळावी असं फार वाटत होतं.

नाही अडखळली. तो सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, "बरोबर हाय आक्का." सर म्हणणाऱ्या बाईला त्यानं सगळ्यांसमोर आक्का म्हटलं. "आपलं हाय म्हणून विश्वास ठेवूच नका. आपलं असल्याचा फायदा एकच, उघडून बघता येतं. ह्येच्यात काय लपवलेलं न्हाय, कुणालाबी आत बघायची मुभा हाय, चूक दिसली तर सांगायची मुभा हाय. आणि सगळं आपलं हाय असंबी मी म्हणणार न्हाय. लई सूत बाहेरनं आलंय, जगभरातल्या माणसांनी मोकळं ठेवलेलं. वीण तेवढी आमची." आणि मग निपाणीच्या मॅनेजरकडे वळून, हात जोडून, "सायेब, तुमचं चुकलं न्हाय. कुणीतरी आपल्या भाषेत बोलावं असं वाटणं ही चूक न्हाय. आमी ती सोय आधी करायला पायजे होती, चोरांनी आमच्या आधी केली." आप्पा, तो माणूस भर सभेत रडला. महिनोन्महिने आम्ही कुणी त्याला जे देऊ शकलो नाही ते यानं एका वाक्यात दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हात आपसूक गेले, आणि त्याचाही मला राग आला.

दुपारी जेवायला आला, वडगावला, माझ्या घरी. गाडी गल्लीत शिरत नाही म्हणून तोंडाशी ठेवून चालत आला. टेबलावर वाढते म्हटलं तर नको म्हणाला, स्वयंपाकघरात माझ्यासमोर भिंतीला टेकून खालीच बसला. मी भाकरी थापतेय, तो शेंगाची चटणी बोटानं चाखतोय. तेवढ्यापुरता तो पेपरातला माणूस नव्हता. तरी मी सोडलं नाही. विचारलं, "त्यो शब्द तुला कुठनं गावला रं?"

"कुठला?"

"उगंच येड पांघरू नको. सांधणी. तू कधी बसलास सांधायला?"

मग म्हणाला, "बसू दिलं कुठं, आक्का? जिन्यावरनं ऐकलंय. मागं तुमी दोघं बसायचा. माग बंद असायचा म्हणून सगळं वर ऐकू यायचं. आप्पा तुझ्यासंगं बोलायचे. तासन्‌तास. सुताचं, बाजाराचं, त्यांच्या आईचं, काय काय. मधीच हसायचे. मी पुस्तक उघडं ठेवून जिन्याच्या वरल्या पायरीवर बसायचो. माझ्यासंगं काय बोलायचे? जेवलास काय मास्तर, अभ्यास झाला काय मास्तर. लई मान द्यायचे. पाहुण्याला देत्यात तसा." मी भाकरी तव्यावर टाकली. तो म्हणाला, "परीक्षेला माग थांबवायचे न्हवं, मला वाटायचं माझ्यामुळं घर मेलं. एकदा खाली आलतो, मागामागं. आप्पा म्हणाले, मास्तर, तुमचं काम न्हाय ते, वर जावा. तुझा असा राग यायचा, आक्का. वाटायचं, आपण नापास व्हावं, मग बसवतील तुझ्याशेजारी."

मला काय वाटलं ते ऐका. मला वाईट वाटायला हवं होतं. बाईमाणूस आहे, मोठी बहीण आहे, पोराला जवळ घ्यावं, डोक्यावरून हात फिरवावा. मला बरं वाटलं आप्पा. अगदी आतून बरं वाटलं. इतकी वर्षं मी खालून वर बघत जळत होते, आणि तो वरून खाली बघत जळत होता, आणि हे मला आत्ता कळतंय. त्यानं तो शब्द चोरला नव्हता, तेवढाच त्याच्या कानावर पडला होता, म्हणून जपून ठेवला होता. हे सगळं मला कळलं, आणि तरीही भाकरी उलटताना मी मनात म्हणत होते, पुन्हा बोल, अजून एकदा बोल, तुझा राग यायचा म्हण.

मग तो पाणी प्यायला, त्यानं पेला खाली ठेवला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "आक्का, मागामागं बसल्यावर आप्पा माझ्याबद्दल कधी काय बोलले काय गं?"

चुलीकडे तोंड होतं माझं. गॅसची शेगडी आहे आता, पण आपण चूलच म्हणतो. मी म्हटलं, "न्हाय रं. कामातच असायचे त्ये. तुला ठाऊकच हाय." तो "व्हय" म्हणाला, मान हलवली आणि भाकरी मोडून घेतली. चार भाकऱ्या हट्टानं वाढल्या मी त्याला, वर तूप, वर दही. जाताना वाकून पाया पडला. गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला गेले, गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. शेजारणी म्हणाल्या, "नशीबवान हाय ओ तुमचा भाऊ." मी म्हटलं, "व्हय तर."

हे पत्र मी वहीच्या पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, सिस्टीमवर नाही, तिथं त्याचं राज्य आहे. तुम्हाला पोचायचं नाही, आणि पोचवायचं म्हटलं तर तुमच्या नावाचं टपाल आता वारस म्हणून जातं ते त्याच्याकडेच. म्हणून हे कुठंच जाणार नाही. पण तुम्हाला तरी खरं सांगते, कारण तुम्ही बोलला होतात. तो बेंगळुराला गेल्यावर पहिल्या सुट्टीला येऊन परत गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सांधायला बसलो होतो. तुम्ही धागा माझ्या बोटांत देता देता थांबलात. बराच वेळ तो धागा तसाच धरून बसलात आणि म्हणालात, "मास्तरला एकदा तरी हितं बसवायला पायजे होतं गं. लई मान दिला त्येला. हात धरायचा ऱ्हाऊन गेला."

हे एकच वाक्य माझ्याकडे आहे, जे त्यानं जिन्यावरून ऐकलं नाही. परवा त्यानं ते मागितलं. मी दिलं नाही आप्पा, आणि आज पेपरातला त्याचा तो फेटा बघून वाटलं, अजून थोडे दिवस देणारही नाही.